ती पाणी द्यायला येत होती

अण्णा,

काल हेगमधल्या एका जुन्या घरात मी परांचीवर उताणी पडून छत साफ करत होते, आणि तिथे मला तुमचा इतका राग आला की हातातला बोळा बाजूला ठेवून खाली उतरावं लागलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला वाटत होतं, या रागाचं एव्हाना काही उरलं नसेल.

मी इथे काय करते ते तुम्हाला माहीत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला आलो, हेगला लागूनच रायस्वाइकला राहतो. सुरुवातीला मी डिपेंडंट होते, म्हणजे नवऱ्याच्या कागदांना टाचलेला आणखी एक कागद. मग डच शिकले, सजावटीच्या रंगकामाचा कोर्स केला, आणि आता जुन्या घरांची रंगवलेली छतं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत काम करते. लाकडावर खोटा संगमरवर, गिलाव्यावर खोटं लाकूड. नाटकांचे पडदे रंगवताना तुम्ही जे करायचात तेच. फरक एवढाच, की इथे बाई परांचीवर चढली तर कुणी मान वर करून बघत नाही.

या घराचं छत एका स्वीडिश चितार्‍याने रंगवलेलं आहे, एकोणिसाव्या शतकात. आमच्या कार्यशाळेची प्रमुख बाई, साठीची, फटकळ, गेले वर्षभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. जेवणाच्या सुट्टीत ती त्याचं आयुष्य हप्त्याहप्त्याने सांगायची. बाप खेड्यात कपाटं आणि पेटारे रंगवायचा. मुलगा लहानपणीच स्टॉकहोमला एका रंगाऱ्याकडे शिकायला गेला, दिवसभर रंग घोटायचा, संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायचा. पुढे चर्चच्या कमानी, नाटकगृहाचा पडदा, व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांची छतं, जे मिळेल ते करत कोपनहेगन, हॅम्बुर्ग असं खाली सरकत इथे आला. इथल्याच मुलीशी लग्न केलं. त्याची फुलं आणि पक्षी बघायला लोक घरी यायचे म्हणे. पण त्या काळच्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. वर्षानुवर्षं ते अंगात भिनलं आणि त्याचं मनगट लुळं पडलं. शेवटची काही छतं त्याने कशी केली हे कुणाला नीट कळत नव्हतं, कारण त्यातले पक्षी आधीच्यापेक्षा चांगले आहेत.

काल आम्ही भिंत आणि छत यांच्यामधली लाकडी पट्टी काढली, तेव्हा ते कळलं. पट्टीमागे पेन्सिलीने स्वीडिशमध्ये दोन ओळी लिहिलेल्या होत्या. बाईने फोनवर शब्द शोधत शोधत मला वाचून दाखवल्या. पक्षी माझ्या मुलीने काढले आहेत, माझा हात आता ऐकत नाही. खाली मुलीचं नाव होतं. वडिलांचं नव्हतं.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "किती सुंदर आहे हे."

मी म्हणाले, "सुंदर काय त्यात? पट्टीमागे लिहिलंय. कुणाला दिसणार नाही अशा जागी."

"तरी लिहिलंय."

"हो. तरी लिहिलंय," मी म्हणाले आणि उतरले. जिन्यात बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली, आणि ती संपेपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

तुमचा हात थरथरायला लागला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आधी कपबशी वाजायला लागली, मग दुकानांच्या पाट्यांवरचे काने वाकडे यायला लागले. नेमकं त्याच वेळी राममंदिराच्या सभामंडपाचं छत रंगवायचं काम तुमच्याकडे आलं. स्वयंपाकघरात आई एका शेगडीवर आमटी आणि दुसरीवर रंगात घालायचा सरस उकळत होती, आणि तुम्ही पाटावर बसून तिला म्हणालात, "नाही म्हणून सांगतो त्यांना." आई म्हणाली, "पोरगी आहे की." एवढंच. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उडीच मारली असती, पण विचारलं नाही हे लक्षात ठेवा.

देऊळ दुपारी बारा ते चार बंद. तुम्ही आतून कडी लावता, मी परकर खोचून परांचीवर चढते, तुम्ही खाली सतरंजीवर पाठ टेकून वर बघत बसता. "मान आखूड झाली. पिसाऱ्याला आधी गर्द, मग उजळ. घाई नको." अठ्ठावीस मोर होते, भोवती वेल, मध्ये कमळ. पहिले चार तुम्ही मला पुसायला लावलेत. पाचव्याला काही बोलला नाहीत, तेव्हा मला कळलं की जमलं. महिन्यातले चार दिवस मी देवळात जायचं नाही म्हणून काम बंद असायचं, आणि त्या चार दिवसांत विश्वस्तांना सांगायला तुमची पाठ धरायची. दर महिन्याला, न चुकता. एकाही विश्वस्ताला शंका कशी आली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मग रामनवमी. मंडप भरलेला, सगळ्यांच्या माना वर. अध्यक्षांनी तुम्हाला शाल पांघरली, नारळ दिला. मी बायकांच्या बाजूला उभी होते. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तू रोज दुपारी जायचीस ना गं बापाबरोबर?" मी हो म्हणाले. आणि का कोण जाणे, पुढे म्हणाले, "मोर मी काढलेत." त्यांनी ते हसत हसत तुम्हाला मोठ्याने विचारलं, अध्यक्षांच्या देखत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग अध्यक्षांकडे बघून म्हणालात, "ती पाणी द्यायला येत होती."

अण्णा, तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं. नुसतं हसला असतात तरी. मी आयुष्यभर त्या हसण्याचा मला हवा तो अर्थ लावून घेतला असता. पण तुम्ही वाक्य बोललात, पुरं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. पाणी द्यायला.

घरी आल्यावर तुम्ही ती शाल माझ्यापुढे धरलीत. "घे. थंडीत वापर." मी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कात्रीने ब्रश पुसायला तिचे तुकडे केले. तुम्ही ते पाहिलेत. रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलेले होते, न दिसायला काय झालं? रागावला नाहीत. त्यातलाच एक उचलून हात पुसलेत आणि बाहेर गेलात. त्या दिवशी तुम्ही मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटलं आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. गाभाऱ्यासमोर मुलगी परांचीवर चढली होती हे कळलं असतं तर त्यांनी मंडप धुऊन काढला असता, वर पुन्हा तुम्हाला पाटीचंसुद्धा काम दिलं नसतं. तुम्ही घाबरलात. घाबरण्याबद्दल मी तुम्हाला केव्हाच माफ केलं. पण घरात कशाला घाबरत होतात? स्वयंपाकघरात, आईसमोर, कडी लावून, एकदा तरी म्हणायचं होतं. दोन वर्षांनी मला बघायला पुण्याचे पाहुणे आले. त्यांनी विचारलं, मुलीला काय येतं. तुम्ही म्हणालात, "रांगोळी छान काढते." मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होते. त्यानंतर चौदा वर्षं मी ब्रश हातात धरला नाही. रांगोळीसुद्धा काढली नाही. सासूबाईंना वाटलं, तुम्ही खोटं सांगितलंत.

काल संध्याकाळी मुलीला हे सगळं सांगितलं. तीही सतराची आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते, चिडली की डचमध्ये. सगळं ऐकून ती डचमध्ये म्हणाली, "मग तू नंतर कधी सांगितलंस का कुणाला? आजोबा गेल्यावर?" मी म्हणाले, नाही. "का नाही?" मी तिला घड्याळ दाखवलं. ती सायकल काढून क्लासला निघून गेली. म्हणून हे लिहायला बसले. तिला मराठी वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी हे वाचायला देणार नाही. ती विचारत होती ते तिच्यापेक्षा तुम्हाला सांगणं सोपं आहे.

गेल्या डिसेंबरात मी गावी गेले होते. सभामंडपाचं छत अजून आहे, पंख्यांच्या गजांसाठी दोन मोर फोडले आहेत. अध्यक्षांचा मुलगा आता विश्वस्त आहे. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाला, "ताई, बरं झालं आलात. ज्यांनी मंदिरासाठी काम केलं त्यांची संगमरवरी पाटी करतोय. तुमच्या वडिलांचं नाव बरोबर आहे का बघा. कोरल्यावर बदलता येत नाही." आणि त्याने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. छताचे चित्रकार, आणि पुढे तुमचं नाव. तुम्ही नव्हतात, आई नव्हती, अध्यक्ष नव्हते. अडवायला कुणीच नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. आडनावातली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ती मी दीर्घ केली आणि कागद परत दिला.