अल्यानिकोच्या बाटल्या आणि आईची वजडी

मी, प्रीती यादवराव गजघाटे, वय एकोणतीस, राहणार हॅमिल्टन, कॅनडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहिते आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही, मला वाटते.

१. बँकेतली बचत आणि नोकरीतल्या विम्याची रक्कम माझ्याजवळ राहणारी आई ललिता हिला मिळावी. घर भाड्याचे आहे, त्याचा प्रश्न नाही. इंजिनिअरिंगच्या पदवीचे प्रमाणपत्रही आईचेच. आमच्या घरातली ती पहिली पदवी. बाबांनी ती नागपुरात वस्तीभर फिरवून दाखवली होती.

२. गाडी, विंटर टायर्ससकट, एटोबिकोत राहणारा भाऊ हर्षवर्धन याला. तो बारावीनंतर कामाला लागला म्हणून मी शिकू शकले. टायर बर्फ पडण्याआधी बदलावेत. तो ऐकणार नाही, तरी लिहून ठेवते.

३. पुस्तके आमच्या आंबेडकर मंडळाच्या वाचनालयाला द्यावीत.

४. कपाटातल्या अल्यानिकोच्या बाटल्याही हर्षवर्धनला. ही दक्षिण इटलीतली, जुन्या ज्वालामुखीच्या उतारावरच्या द्राक्षांची लाल वाईन. गडद आणि तुरट. नुसती प्यायली तर जीभ आखडते, पण चरबीचे मटण समोर आले की मऊ होते. तासभर आधी उघडावी. माशाबरोबर घेऊ नये. बर्फ घालू नये. आई पंचशील पाळते, तिच्यासमोर तर मुळीच पिऊ नये.

५. पुढचे लिहिताना मान वर होत नाही. नोव्हेंबरमध्ये मी ऑफिसच्या लोकांना घरी जेवायला बोलावले होते. इटालियन दुकानातून टोमॅटोत शिजवलेली त्रिप्पा आणली आणि गरिबांचे हे जेवण अल्यानिकोबरोबर कसे खुलते, यावर बरेच बोलले. त्रिप्पा म्हणजे वजडी, जनावराच्या पोटातला कोथळा. आईने बशीत पाहिले आणि ओळखीचे हसली. कॉरिडॉरमध्ये वास जाईल म्हणून तीच वजडी मी तिला घरात करू देत नव्हते. तेवढ्यात माझा सहकारी परीक्षित सहस्रबुद्धे याने तिला विचारले, "काकू, तुमच्याकडे करतात का असं काही?" आई बोलणार तोच मी म्हणाले, "नाही, आमच्या घरी सगळे व्हेजिटेरियन. मी इथे येऊन खायला शिकले."

परीक्षितने वाकडे काही विचारले नव्हते. मंडळात समतेवर बोलणारी मी त्या साध्या प्रश्नाला घाबरले.

तेव्हापासून आई माझ्या घरात मांस शिजवत नाही, खात नाही, अंडेसुद्धा नाही. मी मटण आणून दिले, हात जोडले. ती म्हणाली, "तू चार लोकांत सांगितलं ना, आम्ही खात नाही म्हणून. मंग मी खाऊन तुले खोटी कायले पाडू?" ती चिडली असती तर मला सोपे गेले असते.

म्हणून माझी इच्छा अशी की माझ्या मृत्यूनंतर याच घरी आईच्या हातच्या वजडीचे जेवण व्हावे, त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलवावे आणि हर्षवर्धनने हे कलम मोठ्याने वाचावे.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीला मी मुद्दाम परीक्षितला आणि वरच्या मजल्यावरच्या अवंतिकाला बोलावले, आणि पाचवे कलम आईच्या देखत त्यांना वाचून दाखवले. परीक्षित म्हणाला, आपण तसे विचारायलाच नको होते.

"सवाल बराबर होता तुझा," आई म्हणाली. "करतो आम्ही. मस्त करतो. रविवारी ये जेवायले. पोरीच्या मयतीचं जेवण मी रांधत नाही, सांगून ठेवते."

त्यानुसार पाचव्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून वर "या रविवारी" असे लिहिले आहे, आणि "हर्षवर्धनने" खोडून "मी". दोन्ही खाडाखोडींजवळ माझी व साक्षीदारांची सही आहे.

सही: प्रीती यादवराव गजघाटे
साक्षीदार: परीक्षित सहस्रबुद्धे, अवंतिका देशकर
हॅमिल्टन, ९ जानेवारी २०२६