पाण्याच्या बाजूची सवलत

अण्णा,

तुम्ही असता तर या फाइलवर आहे तशी सही केली असती, हे मला ठाऊक आहे. मी केली नाही. करणारही नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तुमच्याच खात्यात इमारतींच्या परवानग्या बघताना कुणी ना कुणी मला तुमचं नाव ऐकवतंच. या वेळी ऐकवलं ते तुमच्या जीपच्या ड्रायव्हरकाकांनी. जे. पी. नगरच्या पलीकडे पावसाळी नाल्याला लागून त्यांचा एवढासा प्लॉट आहे. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन कायमची माहेरी आली, तिच्यासाठी खोली बांधायची आहे. नाल्यापासून नियमाचं अंतर मोकळं सोडलं तर खोली आखूड होते, आणि जोतं नियमाइतकं उंच घेतलं तर काकूंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. म्हणून दोन्हींत सवलत मागितली. "अक्का, स्वल्प, थोडंसं बघा की. अण्णांनी कुणाला रिकाम्या हाती पाठवलं नाही," म्हणाले.

खरंच आहे ते. सुट्टीत तुम्ही मला साइटवर न्यायचात. अजून दिसतं, तुम्ही आजूबाजूच्या बायकांना विचारताय, पाणी कुठवर आलं होतं, आणि त्या दाखवतील तिथे भिंतीवर खडूने रेघ मारताय. मग त्याच रेघेच्या खाली जोतं घ्यायला परवानगी देताय. मी एकदा का म्हणून विचारलं, तर काकांसमोरच म्हणालात, "नियम पाठ करून माणसं कळत नाहीत." त्याचं उत्तर आज देते. माणसं तुम्हालाही पुरती कळली नव्हती, अण्णा. दारात हात जोडून उभी राहिलेली तेवढी कळायची. तीच माणसं पुढे गुडघाभर पाण्यातून गाद्या उचलतात, तेव्हा ती तुमच्याकडे नाही, माझ्याकडे येतात.

काकांच्या शेजारच्या घराच्या भिंतीवर मीही विचारून पाण्याची रेघ मारली. ती माझ्या कमरेच्या वर आली. पाळणा साधारण तेवढ्याच उंचीवर टांगतात. मग मी सवलत दिली, पण रस्त्याच्या बाजूची. समोर सोडायची जागा कमी करून घर नाल्यापासून पुढे ओढलं, काकूंसाठी बुटक्या पायऱ्या आणि कठडा सुचवला. जोतं इंचभरही खाली आणलं नाही. खोली त्यांनी मागितली होती त्यापेक्षा बरीच लहान झाली. त्यांना ती कोंडवाडा वाटेल. वाटू दे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. काका निकाल विचारायला आले त्या दिवशी मी शिपायाला सांगायला लावलं, मॅडम साइटला गेल्यात. मी आतच होते. ते बाहेर बाकावर तासभर बसले. तुम्ही चुकीची परवानगी द्यायचात, पण माणसाला समोर बसवून, कॉफी पाजून. मी बरोबर होते, अण्णा, आणि तरी बाहेर आले नाही.