आंबट रान

मी, जयाबाई परशराम केदारी, वय एकाहत्तर, राहणार पिरनवाडी, बेळगाव. शरीर थकले आहे. बुद्धी शाबूत आहे. पोटातल्या गाठीसह दिवाळी बघेन का, असे डॉक्टरांना विचारले. ते माझ्याशी बोलायचे थांबून सुनेशी बोलू लागले. म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणी शिकवले नाही, कोणी दटावले नाही.

१. मला दोन मुलगे. थोरला युवराज. धाकटा रविराज मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. त्याची बायको रूपाली माझ्याजवळ राहते. पिरनवाडीचे घर युवराजला. छप्पर गळते, ते त्याला माहीत आहे.

२. डोंगराकडचे रान माझ्या वडिलांनी लग्नात माझ्या नावे करून दिले. उताऱ्यावर नाव माझे एकटीचे. ते सगळे रूपालीला. युवराजचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. कारण लिहिते, म्हणजे मागून वाद नको.

आमची माती तांबडी. पावसात तिच्यातला चुना धुपून जातो आणि माती आंबट होते. युवराजने वर्षानुवर्षे नुसता युरिया टाकला, त्याने ती अजून आंबटली. भुईमुगाला शेंगा धरेनात. त्याचे सासरे मारुतीराव निपाणीकडचे. त्यांची माती काळी, खारवटणारी. तिथे जिप्सम टाकतात. त्यांनी पांढरी पोती पाठवली. युवराजने ती चुना समजून आमच्या रानात विस्कटली. जिप्समने आंबटपणा जात नाही. गेला नाही. मग तो प्लॉट पाडणाऱ्या माणसाला घरी घेऊन आला.

"आई, चुना घालून बघितला. मेलंय ते रान."

रूपाली चुलीपाशी होती. "मेलं न्हाय भावजी, आंबट झालंय. आणि तुम्ही टाकला तो चुना न्हवता."

"पांढरं ते पांढरंच की."

"व्हय. मग च्यात दुधाच्या जागी चुना घालते."

प्लॉटवाला हसला. युवराज हसला नाही. "विधवा बाईनं रानात बोलू नये," म्हणाला. मी तेव्हा घरातच होते. हे कलम त्या वाक्याला उत्तर आहे.

३. माती किती आंबट, ते सामू सांगतो. सातच्या जितका खाली, तितकी आंबट. आमचा पाचच्याही खाली होता. रूपालीने उगवतीच्या निम्म्या रानात पावसाआधी चुनखडीची पूड मिसळली, तीही एकदम नाही, दोन उन्हाळ्यांत. आता तिथे सामू सहा आहे आणि शेंगा भरतात. साडेसहाच्या पुढे नेऊ नये. जास्त चुन्यानेही पीक पिवळे पडते. पाऊस थांबणार नाही, म्हणून हे काम संपणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी माती तपासावी.

४. कुदळ, पाट्या, पूड चाळायची मोठी चाळण रूपालीला. माळ्यावर उरलेली जिप्समची पोती मारुतीरावांना परत पाठवावीत. त्यांच्या मातीला ती चालतील. माझा त्यांच्यावर राग आहे, पण पोती वाया जाऊ नयेत.

५. वकील म्हणाले, रान विकू नये अशी अट कायद्यात टिकत नाही. म्हणून अट घालत नाही. रूपाली एकटी आहे, प्लॉटवाला पुन्हा येईल, युवराजच त्याला घेऊन येईल. ती किती दिवस नाही म्हणेल, मला माहीत नाही. तिने विकले तर मी तिला दोष देत नाही.

६. तिसऱ्या दिवशी सावडायला युवराजने यावे. मुलगा आहे. अस्थी त्याने नदीत सोडाव्यात. राख सोडू नये. ती रूपालीच्या हाती द्यावी. रविराजची राख आम्ही नदीत सोडली. राखेने मातीचा आंबटपणा उतरतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

माझी राख मावळतीच्या निम्म्या रानात टाकावी, जिथे अजून काही धरत नाही. एका बाईची राख वाफाभर जमिनीला पुरेल. बाकीच्या रानाला चुना लागेल.

हे मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

जयाबाई परशराम केदारी (सही)

आमच्या समक्ष सही केली:
नीलम हुंदरे, पिरनवाडी (सही)
राजकुमार चौगुले, खासबाग (सही)

बेळगाव, ६ मे २०२५