क्लासच्या हॉलमध्ये जाळी

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुला सांगायला बसले आहे ते काय, तर मी कामाला कुठे जाते. तू असतीस तर पहिल्याच दिवशी विचारलं असतंस आणि उत्तरावर तुझा विश्वास बसला नसता. मी कुणाच्या नोकरीत नाही आणि माझं स्वतःचं ऑफिसही नाही. डोंबिवलीत एका सरांचा गणिताचा क्लास होता. मुलं मोबाईलवर शिकायला लागली तसे सरांचे बाक रिकामे पडत गेले. मग त्यांनी बाक काढून टेबलं टाकली, इंटरनेट घेतलं, एसी बसवला, आणि आता ज्याला जागा हवी तो महिन्याच्या बोलीवर एक टेबल घेतो. याला को-वर्किंग म्हणतात. एका छताखाली दहा धंदे, कुणी कुणाचा नोकर नाही. फळा मात्र सरांनी काढू दिला नाही. कुणी फोनवर मोठ्याने बोलायला लागलं की सर मान न वळवता फळ्यावर डस्टर आपटतात, आणि चाळिशीची माणसं शाळेतल्यासारखी गप्प होतात.

माझा धंदा ऐकून तू हसशील. ठाण्याची नोकरी सोडून मी फाटकी जाळी गोळा करते. आपल्या खाडीत लोक जुनी नायलॉनची जाळी टाकून देतात, ती तिवरांच्या झाडांत अडकून राहतात, खेकडे नि पिल्लं त्यात मरतात. ती जाळी आम्ही काढून आणतो, धुतो, सुकवतो आणि त्यांच्या पिशव्या शिवतो. आम्ही म्हणजे मी आणि कल्याणची एक मैत्रीण. तिला धाग्यातलं कळतं, मला जाळ्यातलं. पहिलं वर्ष आम्ही माझ्या स्वयंपाकघरात काढलं. कणकेच्या डब्यावर शिवणयंत्राचा पाय, गिऱ्हाइकाचा फोन आला की कुकरची शिट्टी. दिवसदिवस आम्ही एकमेकींचीच तोंडं बघायचो. एखादी गोष्ट अडली की दोघींचीही अडायची, कारण विचारायला तिसरं माणूसच नव्हतं. मैत्रीण तर पुन्हा जुन्या नोकरीत जायचं म्हणत होती.

सरांच्या हॉलने आम्हाला वाचवलं, हे मी सरळच सांगते. समोरच्या टेबलावर सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर बसवणारे दोघे आहेत. मोठ्या कंपनीशी कसं बोलायचं, नमुना कसा दाखवायचा, हे त्यांनी चहा पिता पिता शिकवलं. आमच्या बाजूच्या टेबलावर एक मुलगी बसते. ती इथे बसून जर्मनीतल्या एका कंपनीचे हिशेब बघते, म्हणून सगळे तिला जर्मनवाली म्हणतात. घरी एकच खोली आणि सासूबाईंचा टीव्ही, त्यामुळे ती इथे येते. परदेशातून आमची पहिली चौकशी आली तेव्हा उत्तर तिनेच लिहून दिलं, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. मला तेव्हा तुझं बोलणं आठवलं. शाळेतून मी तुझ्याजवळ मासळीबाजारात येऊन बसायचे, भिंतीकडे तोंड करून पुस्तक उघडायचे. एकदा तू माझी वेणी धरून मला फिरवलंस. "बाय, बाजारान बसून भितीकडं तोंड नाय करायचा. भित काय म्हावरा घेनार हाय?" मी रुसले होते. माझ्या टेबलाचं तोंड आता हॉलकडे आहे.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. ठाण्याच्या एका कंपनीच्या बाई आमच्या पिशव्या बघायला येणार होत्या. त्यांना दिवाळीत आपल्या माणसांना द्यायला हव्या होत्या. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं, आणि ते मिळालं नाही तर मैत्रीण खरंच निघून जाणार, हे दोघींनाही माहीत होतं. मला वाटलं, नुसत्या पिशव्या काय दाखवायच्या, खाडीतली खरी जाळीही दाखवू. आदल्या संध्याकाळी मी एक गोणी भरून आणली आणि जिथे पूर्वी सरांचे पेपरचे गठ्ठे असायचे त्या खोलीत ठेवून दिली. वरून हात लावला, सुकलेली वाटली. आत ओलावा होता. कोळणीच्या पोटची असून मी वरवर हात लावून जाळं सुकलं म्हटलं, आता बोल.

सकाळी मी पोचले तर सगळ्या खिडक्या घट्ट बंद, एसी पूर्ण जोरात आणि माणसं नाकाला रुमाल लावून कामाला बसलेली. "एमआयडीसीतून सुटलंय काहीतरी," सर म्हणाले. डोंबिवलीत वास आला की आमचं हे ठरलेलंच असतं, आधी खिडकी लावायची आणि मग कारखान्यांना शिव्या घालायच्या. मीही लावून दिल्या चार शिव्या. खरं सांगू का, मला काहीच वास येत नव्हता, पण एकटीनेच कशाला वेगळं बोला. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबायला मी स्वतः मदत केली. म्हणजे माझाच वास मी माझ्याच हाताने कोंडला.

जर्मनवालीचा तो मोठा दिवस होता. तिला बढती द्यायची की नाही हे ठरवायला तिचे तिकडचे साहेब स्क्रीनवर आले होते. वासाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांना वाटलं, बाई रडते आहे. ते घाबरले, म्हणाले आज राहू दे, तू विश्रांती घे, पुढच्या आठवड्यात बोलू. ती कॉल बंद करून उठली, त्या बंद खोलीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे केमिकल नाहीये. हा बोंबील आहे."

सरांनी दार उघडलं. हॉलमध्ये जे पसरलं ते मलासुद्धा कळलं, आये, यावरून काय ते समज. "हे कुणाचं?" सरांनी विचारलं, अगदी वर्गातल्या आवाजात. मी हात वर केला. बेचाळिशीची बाई, हात वर करून उभी. "तुम्हाला वास येत नाही?" "मला सवय आहे, सर." "इथे दहा माणसांचं पोट आहे, मॅडम. हे आत्ताच्या आत्ता बाहेर न्या. आणि पुढच्या महिन्यापासून तुम्ही दुसरी जागा बघा." सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा हॉल गेला तर पुन्हा कणकेचा डबा आणि शिट्टी, आणि मैत्रीण तर गेलीच. ती बिचारी तेव्हा कल्याणच्या बाजारात अस्तराचं कापड आणायला गेली होती, तिला कशाचा पत्ताच नव्हता.

सोलरवाले दोघे उठले, गोणीची दोन टोकं धरली आणि गच्चीवर चालायला लागले. "ताई, चला, वर ऊन आहे," एवढंच बोलले. वर टाकीचा नळ होता. मी पदर खोचला, साबण घातला आणि बसले चोळत. त्यांनी आपल्या वायरींच्या दोऱ्या बांधल्या आणि जाळी वाळत घातली. मी कोपरापर्यंत फेसात असताना त्यांतला एक खाली डोकावून आला. "ताई, तुमच्या ठाण्याच्या मॅडम आल्या. लवकर आल्यात." मी तशीच ओल्या कपड्यांनी जिने उतरले. मनात म्हटलं, संपलं. आत वासाचा बाजार आणि बाजारात आपण नाही.

दाराशी पोचले आणि थांबले. आमच्या टेबलावर पिशव्या ओळीने मांडलेल्या. खिडक्या सगळ्या उघड्या. आणि आमच्या खुर्चीवर जर्मनवाली, डोळे अजून लाल. ती बाईंना सांगत होती, "वास येतोय ना? तो आज खाडीतून आलेल्या जाळीचा. लपवत नाही मी. आता ही पिशवी घ्या, हीसुद्धा तसल्याच जाळीची. हुंगून बघा." बाईंनी हुंगली. मागे उभ्या असलेल्या सरांनीही एक उचलून नाकाला लावली, आतून बाहेरून, पेपर तपासावा तशी. "नाही बुवा येत," सर म्हणाले, जरा नाराजीनेच. बाई हसल्या. त्यांना गच्चीही बघायची होती. वर वाऱ्यावर जाळी हलत होती आणि एक सोलरवाला हातात साबण घेऊन उभा होता. काम आम्हाला तिथेच मिळालं.

बाई गेल्यावर मी जर्मनवालीला म्हटलं, "अगं, माझ्यामुळे तुझी मीटिंग गेली आणि तू माझा माल विकत बसलीस?" ती म्हणाली, "मी काय, इथेच आहे ना. माझं होईल नंतर. तू जागेवर नव्हतीस." आये, मला हसू आलं आणि रडूही आलं. आपल्या बाजारात बाजूवाली चहाला किंवा डॉक्टरकडे उठली की गिऱ्हाइकाला आधी तिची टोपली दाखवायची, मग आपली. रोज जिच्याशी बर्फावरून भांडायचीस, तिचे पापलेट तू स्वतःच्या आधी विकायचीस. मी चिडून विचारलं होतं, आपले मासे नासतील त्याचं काय? "मी हाय ना बसलेली, माझा इकल. ती नाय, त तिचा कोन इकल?" हे मी हॉलमध्ये कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ही मुलगी मासे खातसुद्धा नाही.

संध्याकाळी सरांनी फळ्यावर लिहिलं: जाळी फक्त गच्चीवर. त्याखाली एक रेघ. दुसऱ्या जागेचं पुन्हा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मैत्रिणीने अस्तराचे गठ्ठे टेबलावर टाकले आणि म्हणाली, "मी नसताना तुम्ही लोक काय काय करता गं?" जर्मनवालीलाही पुढच्या आठवड्यात बढती मिळाली. तिचे साहेब अजून मेलमध्ये तिच्या तब्येतीची चौकशी करतात आणि तिने त्यांना खरं कारण सांगितलेलं नाही.

आज रविवार आहे. काम काही नाही, तरी मी हॉलमध्ये येऊन बसले आहे. जर्मनवालीही आली आहे, टीव्हीपासून पळून. मघाशी तिने मान वाकवून विचारलं, "एवढं काय लिहितेस गं? कुणाला?" मी म्हटलं, "आईला." ती म्हणाली, "अरे वा. माझा पण नमस्कार सांग त्यांना. आणि म्हणावं, एकदा हॉल बघायला या." तू नाहीस हे मी तिला सांगायला हवं होतं. मी नुसतं "हो, सांगते" म्हटलं. बाजूला बसलेल्या कुणाला तरी वाटतंय की तू घरी आहेस, आणि संध्याकाळी मी जाऊन तुला हे सगळं सांगणार आहे. ते मला मोडवलं नाही, आये.