आईच्या मते चर्चमध्ये अंधार आहे

तीर्थरूप ओत्तिलियामावशीस,

वाल्देमारचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकलेले गुडघे हल्ली आपणहून उठत नाहीत, तेव्हा नमस्कार जरा लांबला असं समज.) कंबर कशी आहे? जर्मनीत खसखशीचा केक तुझ्या हातच्यासारखा मिळतो का? इकडे कझाकस्तानात, आपल्या करागंदात, थंडी नेहमीचीच. आई खुशाल, तिची जीभ त्याहून खुशाल.

आपल्या गावच्या नव्या चर्चची प्रकाशयोजना माझ्याकडे आली, हे एर्नाकाकूने तुला कळवलंच असेल. जन्मभर मी नाट्यगृहं आणि बँका उजळल्या. पण हे काम हाती आलं आणि आठवली ती तुझी मागची खोली. सोव्हिएत राजवटीत प्रार्थनेला बंदी होती तेव्हाची. खिडक्यांवर घोंगड्या, टेबलावर एकच दिवा, भिंती काळोखात आणि भोवतीचे चेहरे मात्र सोन्याचे. आंटोनकाकासारखा खडूस माणूससुद्धा त्या उजेडात संत दिसायचा (दिवा विझेपर्यंत). मला तोच उजेड हवा होता. म्हणून छत अंधुक ठेवलं, दिवे खांबांआड दडवले आणि वेदीवर तेवढा मऊ पिवळा झोत सोडला. फादर योझाफाट आत आले आणि चक्क गप्प उभे राहिले. फादर गप्प, म्हणजे काम फत्ते!

पण पहिल्याच रविवारी, ऐन प्रार्थनेत, आईचा खणखणीत आवाज आला, "वाल्देमार, वीज गेली का रे?"

मी दिवे वाढवले. पुढच्या रविवारी म्हणाली, "आज आभाळ आलंय वाटतं." आणखी वाढवले. मग काय, संत योसेफाच्या पुतळ्याच्या नाकाला डागडुजीचं लावलेलं प्लास्टर शेवटच्या बाकावरून दिसू लागलं, फादरांच्या टकलावरून उजेड उडून गाणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ लागला, आणि एर्नाकाकू काळा चष्मा लावून आली. "हे चर्च आहे की ऑपरेशनची खोली?" असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. त्यात बिशप यायचे ठरलेले! माझी झोप उडाली. आई म्हणे, "पोराने इतकं शिकून देवाला अंधारात बसवलं."

गेल्या रविवारी निघताना आई संत योसेफाच्या पुतळ्यापुढे थांबली आणि मायेने रागावली, "फादर, किती वाळलात! जेवत नाही का?" खरे फादर तिच्या मागेच उभे होते. कुणी हसलं नाही. फादरांनी तिचा हात धरून तिला दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन हळूच म्हणाले, "वाल्देमार, ते जास्तीचे दिवे काढ बाबा."

काढले. बिशप येऊन गेले. प्रार्थना संपल्यावरही ते बराच वेळ बाकावर नुसते बसून होते. मावशी, तू हवी होतीस गं.

तुझा,
वाल्देमार

ता. क. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, लगेच काढायला हवा. आई ऐकत नाही. "थोरली सांगेल तर बघू. पण ती कुठे आता विचारते!" असं म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तुम्ही दोघी बहिणी कशावरून अबोला धरून आहात ते मला कळायला नको. फक्त एक फोन कर.

ता. क. २ फोनचं मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. ती शेजारीच बसली आहे, कागदावर नजर रोखून, आणि म्हणते आहे, "अक्षर छान आहे हो, पण चर्चमध्ये अंधार आहे हे नीट लिहिलंस ना?"