गडमुडशिंगीतली पावणी बुरशी

गडमुडशिंगी, शुक्रवार

भरमाप्पाअण्णा यांस,

आकारामचा रामराम, आणि तुमच्या घरच्या रीतीनं शरणार्थी. गुडघा आता जिना चढू देतो का? नीलम्मावहिनींना नमस्कार. (फोन का केला नाही म्हणाल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि आजचं वाक्य जरा लांब आहे.)

आमची भाची प्रियदर्शनी हरभऱ्याच्या मर रोगावर डॉक्टरेट करतेय. गावोगावची वाळलेली रोपं गोळा करायची आणि त्यांच्या पोटातल्या बुरशीचं घराणं शोधायचं, असं तिचं काम. डिसेंबरात तिनं कळवलं, मामा, रान बघायला येते. आता एवढी शिकलेली पोर येणार म्हटल्यावर बनाबाईनं (आमच्या मंडळीनं) अंगण सारवलं, आणि मी भल्या सकाळी जाऊन झाडून सगळी वाळकी रोपं उपटून उकिरड्यात टाकली. पोरगी आली, हिरवंगार रान बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. माझं पीक बघून हळहळलेली ती पहिलीच.

पण खमकी हो! ओढणी खोचून उकिरड्यात उतरली. (विहिरीकडचा ढीग नशिबानं वेगळा पडला होता.) एकेक रोप निवडलं, बुडखा उभा चिरून आतली काळपट रेघ मला दाखवली आणि कागदी पिशव्या भरून नेल्या. मी चाळीस वर्षं हरभरा करतोय, मला मर म्हणजे मर. तिनं दाखवून दिलं, की बुरशी दिसायला सगळीकडे सारखीच कापसासारखी, पण डीएनए बघितला की गावागणिक घराणी निराळी. एका बुरशीला दाद न देणारं वाण दुसरीपुढं मान टाकतं, म्हणून सगळ्यांना एकच वाण सांगून भागत नाही. अण्णा, मला तिचा फार अभिमान वाटला.

आता घोटाळा. आमच्या नि शेजारच्या रानांतली बुरशी एकाच घराण्यातली निघाली; फक्त आमच्या विहिरीकडच्या दोन सऱ्यांतली वेगळी. तेव्हापासून दर फोनला तिचं एकच, "मामा, ही बुरशी हिथली न्हाई, पावणी हाय. बियाणं कुठनं आणलासा? एवढं कळलं न्हाई तर माझा नकाशा अर्धाच ऱ्हातोय की." मी सांगितलं, आठवत नाही. तिनं विश्वास ठेवला, तेच मला फार लागलं.

वहिनींच्या हातच्या शेंगाचटणीची आठवण काढणारा,
आकाराम

ता. क. : पुढच्या रविवारी ती कुरुंदवाडला तुमच्याकडे येतेय. तुमच्या रानात मर नाही असं तुम्ही गावभर सांगता, ते असू दे. पण बांधाकडची वाळकी रोपं तेवढी उपटू नका. ती तिला द्या.

ता. क. दुसरा : ती रोपं आमच्या त्या दोन सऱ्यांशी जुळतील. दसऱ्याला तुम्ही घरचं बियाणं द्यायला नाही म्हणालात आणि चहा सांगायला आत गेलात, तेव्हा दोन ओंजळी मी टॉवेलात बांधून आणल्या. बुरशीनं सांगण्याआधी मीच सांगतो. शिव्या मला द्या, रोपं तिला द्या.