वारं उलटं असलं तर

कोल्हापूर,
चैत्र, १९५६

चि. श्यामला हिस अप्पांचा आशीर्वाद.

विमानात नोकरी धरलीस तेव्हा ‘या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस’ असं मीच बोललो होतो. ते मागं घ्यायचं पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

आपल्यात गावाला गेलेलं माणूस पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. मुंबई ते दिल्ली सातशे मैल, वेळ चार तास, हे तू आईला कळवलंस. विमान दहाचं, म्हणून तुझी विमानावर ड्यूटी असेल त्या दिवशी ती दोनच्या ठोक्याला केरसुणी हातात घेते. मी म्हणतो, “वारं उलटं असलं तर? अजून अर्धा तास थांब की.” ती केरसुणी परत कोपऱ्यात ठेवते.

काल शेजारच्या धोंडुबाई दारात येऊन म्हणाल्या, “दोन वाजून गेले, अजून केर काढला न्हाय व्हय?”

मी म्हणालो, “पोरगी वाटेत हाय.”

भांडणानंतर तुला पोरगी म्हटलं ते काल पहिल्यांदा.

हेही पत्र टपालात पडेल की नाही, सांगवत नाही. पण सुट्टी मिळाली की ये. त्या दिवशी घर झाडलेलं नसेल. तू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस, की केर मी काढीन.

घड्याळाकडे बघत बसलेले,
तुझे अप्पा